गाबराच्या बेचक्यातली बंदूक

ब्रेझा, १९ नोव्हेंबर, रविवार

झेल्यो, आणि सारागोसाच्या गोदामात तुझ्या शेजारी खोकी उचलणाऱ्या आपल्या गावच्या सगळ्यांनो,

तुमचं गाऱ्हाणं एकच आहे आणि ते खरं आहे. या गावानं तुम्हाला सामान बांधताना पाहिलं आणि कुणी विचारलं नाही, का जाता म्हणून. कारखाना बंद पडला तेव्हा गाव गप्प बसलं. शाळेला कुलूप लागलं तेव्हा गप्प बसलं. झेल्योच्या नावाला काळिमा लागला तेव्हाही गप्पच. डोंगरातली माणसं अबोल असतात, असं आपण पाहुण्यांना कौतुकानं सांगतो. मला त्या अबोलपणाचा वीट आला आहे. वाचनघराच्या व्यासपीठावरून मी त्याच्याविरुद्ध इतकी वर्षं बोलले की आता माझाच आवाज मला ऐकवत नाही. म्हणून लिहिते.

झेल्यो, माझा फोन तू उचलत नाहीस. हे पत्र स्पेनला जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे. सोबत भाजलेल्या मिरच्यांची बरणी आहे. बरणी सगळ्यांत फोड, पत्र आधी एकट्यानं वाच आणि मग त्यांना वाचून दाखव.

बाबांची बंदूक सापडली, तू शिकारीला न्यायचास ती.

आज वरच्या झऱ्यापाशी डुकरांचा हाका होता. कुणाच्या तरी हातून एक डुक्कर जखमी झालं आणि कडा ओलांडून पलीकडे गेलं. माझा कुत्रा मुर्जो त्याच्या मागे सुटला. दोब्री वायरलेसवर ओरडला, "यांका, पलीकडे राखीव जंगल आहे. सोड ते डुक्कर, मी वनखात्याला कळवतो." मी म्हटलं, "डुक्कर तुझं, कुत्रा माझा." राखीव जंगलात बंदूक घेऊन पाऊल टाकता येत नाही, म्हणून माझी बंदूक कड्यावर गंचोकाकांच्या हाती दिली आणि नुसती काठी घेऊन उतरले.

डुक्कर काही मिळालं नाही. मुर्जो एका गाबराच्या झाडाखाली थांबला आणि त्यानं पाय वर केला. मी वैतागून झाडाकडे पाहिलं, तर छातीच्या उंचीवरच्या बेचक्यातून दोन नळ्या वर आल्या होत्या. झाड त्यांना धरून वाढलं होतं, साल दोन्ही बाजूंनी त्यांच्यावर चढली होती. खाली दस्ता पाचोळ्यात बुडाला होता. पाचोळा सारला. उंदरांनी कुरतडून दस्त्याची कड दातेरी केली होती, पण बाबांनी कोरलेलं ओकचं पान तेवढं शाबूत होतं.

अशा वेळी काय करायचं असतं ते तुला माहीत आहे. परवान्याच्या परीक्षेला मीच नव्या पोरांकडून पाठ करून घेते. हात लावायचा नाही. भरलेली आहे असंच धरायचं. जागेला खूण करायची, पोलिसांना कळवायचं, आणि ते येईपर्यंत पहारा ठेवायचा. मी माझी केशरी टोपी फांदीला बांधली. खाली फोन लागेना. वर चढायला लागले तर गंचोकाका समोरून उतरताना दिसले. दोन्ही बंदुका कड्यावर दुसऱ्याच्या स्वाधीन करून आले होते, माझी काळजी वाटली म्हणून. मी त्यांना झाड दाखवलं आणि म्हटलं, "काका, इथे उभे राहा. कुणाला हात लावू देऊ नका."

कड्यावरही फोन लागला नाही. परत आले तेव्हा काका एका पडलेल्या ओंडक्यावर बसले होते. मांडीवर बाबांची बंदूक होती, सांध्यातून वाकवून उघडलेली. हातात तेलाची चिंधी. नळीवरून चिंधी फिरवत होते आणि रडत होते.

"काका, हे काय केलंत?"

"गंज चढला होता गं."

"हात लावायचा नव्हता."

"मी कुणालाच लावू दिला नाही," काका म्हणाले.

साठ वर्षं त्या माणसानं गंजलेली नळी पाहिली की चिंधी काढली आहे. डोक्याला कळायच्या आत त्यांचा हात खिशात गेला असणार.

तोवर दोब्री आणि बाकीचे येऊन पोचले. सगळी शिकारी तुकडी झाडाभोवती उभी. आणि मग मला तो प्रश्न सुचला, जो मला टोपी बांधतानाच सुचायला हवा होता.

"दोब्री, माझ्या भावाची बंदूक कड्याच्या या बाजूला कशी?"

सगळे बुटांकडे बघत होते. दोब्री गेली वीस वर्षं तुकडीचा प्रमुख आहे, त्याला बोलणं भाग होतं. "त्या वर्षी आपल्या बाजूला डुकरं नव्हतीच, यांका. एक दिवस इकडे हाका केला. एकच दिवस."

तुमच्यापैकी बाकीच्यांसाठी सांगते, कारण झेल्योनं तुम्हाला काही सांगितलं नसणार. सहा वर्षांपूर्वी त्या एका दिवशी नायदेनकाका आपल्या जागेवर छाती धरून कोसळले. झेल्यो जवळच्या जागेवर होता. त्यानं बंदूक झाडाला टेकवली, म्हातारा पाठीवर घेतला आणि रस्त्यापर्यंत उतरला. त्यानंतर बर्फ पडलं. वसंतात बर्फ गेलं तेव्हा पोलिसांनी झऱ्याखालचा आख्खा उतार कुत्रे घेऊन पालथा घातला, कारण सगळ्यांनी हाका तिथे होता असं सांगितलं होतं. झेल्योनंही. त्याच हिवाळ्यात शेजारच्या खोऱ्यात एका वनरक्षकाला कुणीतरी दुनळीनं मारलं. मारेकरी सापडला नाही. मग गावाला दुसरं काही सुचेना: झेल्योनं त्याला बंदूक विकली. तोंडावर कुणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. बाबांनी दुकानात जाणं सोडलं आणि एक दिवस जगणंही सोडलं.

तू गेल्यावर मी परवाना काढून याच तुकडीत शिरले. तेव्हापासून तू बोलत नाहीस, कारण मी त्यांच्या पंक्तीला बसले. झेल्यो, मी जेवायला गेले नव्हते. दर हंगामात हाका संपला की मी झऱ्याखालच्या उतारावर काठीनं पाचोळा उपसत होते. ते बघत होते. "यांका, दमलीस, ये, चहा घे," म्हणत होते. एका वर्षी दोब्रीनं मला स्वतःच्या हातानं काठी करून दिली, टोकाला लोखंड बसवून, पाचोळा नीट उपसता यावा म्हणून.

मी चुकीच्या बाजूला शोधतेय हे त्या प्रत्येकाला माहीत होतं.

आज त्याच दोब्रीनं तोडगा काढला. "बंदूक हललीच आहे. अजून थोडी हलली तर काय बिघडतं? झऱ्याखाली सापडली म्हणू. तुझ्या भावाचं नाव साफ, आमचे परवाने शाबूत."

"जिथे पोलिसांचे कुत्रे फिरले, जिथे मी सहा वर्षं पाचोळा उपसला, तिथे? कुणीही म्हणेल यांकानं आणून ठेवली."

"म्हणू दे की. बोलण्यात तू कुणाला हार गेली आहेस?"

मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. खरी जागा सांगणार म्हटलं.

"सांग," दोब्री म्हणाला. त्याला राग आला नव्हता, उद्या पाऊस आहे असं सांगावं तसं म्हणाला. "तू एकटी आहेस, आम्ही सगळे."

गावात पोचल्याबरोबर चौकीला फोन केला. उद्या शहरातून निरीक्षक येणार आहे. बंदूक तोवर शिकारघराच्या लोखंडी कपाटात, माझ्या कुलपात.

तुझी बहीण,
यांका


२४ नोव्हेंबर, शुक्रवार

झेल्यो,

घरात पसारा आहे. सगळी कपाटं उघडी आहेत, बाबांचे कोट पलंगावर पडले आहेत. आवरायचं त्राण नाही, म्हणून आधी लिहून घेते.

निरीक्षक इलिएवा तरुण आहे. मी शिकवायचे ती शाळा चालू असती तर माझ्या हाताखालून गेली असती. ऐकून घेते, मध्ये बोलत नाही. मला आशा वाटली. तिनं शिकारघराच्या मोठ्या टेबलावर बंदूक ठेवली, हातमोजे घातले आणि नळीवरून बोट फिरवलं.

"ही सहा वर्षं पावसाबर्फात होती?"

"हो."

"मग हे कालपरवाचं तेल कुणाचं?"

"गंचोकाकांनी पुसली. झाडाखाली बसून."

तिनं गंचोकाकांकडे पाहिलं. काकांनी दोब्रीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "मला आठवत नाही, बाई. माझं वय झालं."

"भरलेली होती?"

मी पाहिलं तेव्हा बंद होती आणि नंतर पाहिलं तेव्हा उघडी होती, एवढंच मला सांगता आलं. काका खिशात हात घालून उभे होते.

"दस्ता बघा," मी म्हटलं, "उंदरांनी खाल्लाय."

"उंदीर माळ्यावरही असतात," ती म्हणाली.

मग एकेकानं येऊन जबाब दिला: बंदूक झऱ्याखाली सापडली. सगळ्यांचं एकच वाक्य, शब्दही त्याच क्रमानं. मी पोरांकडून कविता पाठ करून घ्यायचे तेव्हा दोनचार तरी अडखळायचे. हे अडखळले नाहीत.

मी तिला म्हटलं, पलीकडे चला, झाड दाखवते, बेचक्यात नळ्यांची खाच आहे, गंज उतरलाय सालीत. ती म्हणाली, राखीव जंगलात जायला वनखात्याची परवानगी लागते आणि परवानगी मागायला कारण लागतं. मग तिनं जुन्या तपासातला तुझा जबाब काढला. "तुमच्या भावानं स्वतः सही केली आहे की तो झऱ्याखाली उभा होता. मी तुमचं ऐकू की त्याचं?"

तिनं तो कागद परत फाईलमध्ये ठेवला.

तर आता प्रकरण असं दिसतं: बंदूक कुणीतरी घरात ठेवली होती, वेळच्या वेळी तेल दिलं होतं, आणि परवा डोंगरात नेऊन टाकली. कुणाच्या घरात, हे विचारायला फार हुशारी लागत नाही. म्हणून कपाटं उघडी आहेत. काल चौघे पोलीस आले, माळा उपसला, तळघर उपसलं, लोणच्याच्या पिंपातसुद्धा काठी घातली. सभ्य होते. बूट दारात काढले. माझी बंदूक घेऊन गेले, परवाना स्थगित आहे. कोपऱ्यावरची बाई आज पावाच्या दुकानात मला म्हणाली, "यांका, असू दे गं, आपल्या भावाचं कोण लपवत नाही?" तिला सहानुभूती दाखवायची होती.

गंचोकाकांच्या हातून झालं ते प्रेमानंच झालं. बाबांचा तो सगळ्यात जुना मित्र. पण त्या चिंधीनं तुझ्यावरचा आरोप पुन्हा चकचकीत झाला, झेल्यो, आणि वर मीही त्यात जोडली गेले.

मागच्या पत्रात मी लिहिलं की मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. शब्दानं म्हटलं होतं. उतरताना झऱ्यापाशी दोब्रीनं बंदूक माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "इथे टेकव. कुणी बोलणार नाही, कधीच." मी टेकवली. बीचच्या खोडाला. किती वेळ ते माहीत नाही. किती सोपं आहे हे, एवढंच डोक्यात होतं. मग ती तिथे इतकी खोटी दिसायला लागली की मी उचलून पुढे चालू पडले. तू सही कशी केलीस हे मला तिथे कळलं. हंगामाच्या पहिल्या दिवशी टोप्या एकमेकींवर ठेवून सगळे शब्द देतात, डोंगरातलं डोंगरात. तूही दिलास. या गावात लोक आता लग्नाला जमत नाहीत, कारण लग्नं होत नाहीत. सणाला जमत नाहीत, कारण पोरं तिकडे. फक्त हाक्याला जमतात. ते मोडायचं तुझ्या जिवावर आलं. एवढी साधी गोष्ट तू मला का सांगितली नाहीस, हे विचारणार होते. आता विचारत नाही.

दोब्री संध्याकाळी येऊन गेला. दारातच उभा राहिला.

"तू जागा बदलून सांग," म्हणाला, "मी निरीक्षकाशी बोलतो. तुझ्यामागचं लचांड सुटेल."

"आणि झेल्योमागचं?"

"तो तिकडे आहे. त्याला काय फरक पडतो?"

मी दार लावून घेतलं.

यांका


३ डिसेंबर, रविवार

झेल्यो,

आज हाक्याला गेले. बंदूक नाही, परवाना नाही, पण डुकरं उठवणारा हाकारा म्हणून जायला काठी पुरते. दोब्री म्हणाला, "यांका, कुठल्या तोंडानं आलीस?"

"ह्याच. तोंडाशिवाय दुसरं हत्यार तुम्ही ठेवलं आहे का? आज डुकरं माझ्या आवाजानंच मरतील."

दोघेतिघे हसले. मी आले ते भांडायला नाही. मला बाहेर काढायला त्यांना माझ्याकडे बघावं लागलं असतं, ते त्यांना जमत नव्हतं, एवढंच मला हवं होतं.

दोन डुकरं मिळाली. शिकारघराच्या अंगणात फळ्या मांडल्या, नेहमीसारखे वाटे घातले. जेवढी माणसं तेवढे ढीग, प्रत्येकात थोडी मांडी, थोडी फासळी, थोडी चरबी. नायदेनकाका डोंगर चढत नाहीत, पण वाटे पुकारायचं काम त्यांचंच. पाठ करून उभे राहतात, कुणीतरी ढिगाला सुरी लावून विचारतो "हा कुणाचा," आणि ते न बघता एकेक नाव घेतात. एकदा नाव घेतलं की बदलत नाही. आपल्या आजोबांच्या वेळेपासून बदललेलं नाही. याच अंगणात माणसांनी शेताच्या बांधावरून एकमेकांची डोकी फोडली आहेत, पण पुकारलेल्या वाट्यावरून कुणी तोंड उघडलेलं नाही.

सुरी दोब्रीच्या हातात होती.

"हा कुणाचा?"

"झेल्योचा," नायदेनकाका म्हणाले.

अंगणात तुझं नाव इतक्या वर्षांनी ऐकलं. लोक हसले. म्हातारा चळला, असं कुणीतरी हळूच म्हणालं.

"काका, झेल्यो स्पेनमध्ये आहे," दोब्री म्हणाला.

"कुठे आहे ते तू विचारलंस का? कुणाचा विचारलंस. पुढचा दाखव."

दोब्रीनं दुसऱ्या ढिगाला सुरी लावली. "हा?"

"झेल्योचा."

"काका, पुरे आता मस्करी."

"मस्करी तुमची चालली आहे. मी तर पाठ करून उभा आहे. पुढचा."

तिसरा झेल्योचा. चौथा झेल्योचा. पाचव्यापर्यंत हसणं संपलं होतं. कुत्री बांधलेल्या जागी कण्हत होती, मांसाच्या वाफा निघत होत्या, आणि दोब्री एकेका ढिगावर सुरी ठेवत पुढे सरकत होता, कारण थांबायचं कसं हे त्यालाही माहीत नव्हतं. शेवटचा ढीगसुद्धा तुझा. तरीही नायदेनकाका वळले नाहीत. कुंपणाकडे तोंड करून बोलले.

"तुमच्याकडे तोंड करून सहा वर्षं मी गप्प राहिलो. मला वाटलं, पाठ करून बघावं, जमतं का. मी शुद्धीवर आलो तेव्हा त्या पोराच्या पाठीवर होतो. त्याचे दोन्ही हात माझ्या मांड्यांखाली होते. बंदूक धरायला तिसरा हात त्याला देवानं दिला नव्हता. मी त्या वेळी पोलिसांना सांगितलं, बंदूक वर राहिली. वर म्हणजे कुठे, ते सांगितलं नाही. तुमच्याबरोबर मीही जेवलो त्यानंतर, प्रत्येक वाटा खाल्ला. आता उचला हे, आणि ज्याचं आहे त्याच्या घरी पोचवा."

मला वाटलं होतं, अशा वेळी मी बोलेन. भाषण तयार होतं, खरंच, पंधरवडाभर मनात घोळत होतं. एक शब्द निघाला नाही.

गंचोकाका पुढे आले. कोटाच्या खिशातून त्यांनी दोन काडतुसं काढली आणि फळीवर मांसाशेजारी ठेवली. न झाडलेली. पितळेची बुडं हिरवी पडलेली, प्लॅस्टिक फुगलेलं.

"तेल माझं," ते म्हणाले. "आणि ही तिच्यातली. काढून खिशात टाकली, सवयीनं. त्या पोरीनं विचारलं तेव्हाही खिशातच होती. रोज हात घातला की लागत होती."

"काका, तुमचा परवाना जाईल," कुणीतरी म्हणालं.

"जाऊ दे. गेली दोन वर्षं मी डुकरावर नेम धरतो आणि झाडं मरतात. सगळ्यांना माहीत आहे, तुम्ही तेही सांगितलं नाहीत मला."

यावर हसावं की नाही हे कुणाला कळेना.

मग ते आले. पाठीवर पोती घेऊन, एकामागून एक, शिकारघरापासून आपल्या दारापर्यंत. कुणी आत आलं नाही. पोती पायरीवर ठेवली, टोपी काढली, गेले. सगळ्या गल्लीभर रक्ताचा माग आहे, कुत्री चाटत फिरताहेत. फ्रीज भरला, मग शेजारणीचा भरला, उरलेल्याला मीठ लावून पिंपात घातलं, त्याच पिंपात ज्यात पोलिसांनी काठी घातली होती. दोब्री सगळ्यांत शेवटी आला. त्यानं काळीज आणलं होतं. काळीज तुकडीच्या प्रमुखाचं असतं, ते वाट्यांत येत नाही.

"हे जोडीला," म्हणाला.

माफ कर म्हणाला नाही. मीही आत ये म्हटलं नाही.

यांका


५ डिसेंबर, मंगळवार

झेल्यो, आणि तुम्ही सगळे,

थोडक्यात लिहिते, बस दुपारी निघते.

काल नायदेनकाका आणि गंचोकाका माझ्याबरोबर शहरात आले. दोघांनी खरी जागा सांगून जबाब दिले. इलिएवानं काडतुसं पिशवीत घातली. मग म्हणाली, "आजोबा, चिंधी आणली आहे का?" काकांनी खिशातून काढून दिली. तिनं तीही पिशवीत घातली. दोब्री आला नाही. बाकीचेही नाहीत. काळीज देणं आणि सही देणं यांत अंतर आहे, मला माहीत आहे, मी त्यांच्यात राहते.

वनखात्याची परवानगी मिळाली आहे. इलिएवा झाड बघायला येणार आहे. पण तिनं मला स्पष्ट सांगितलं. एक म्हातारा तेव्हा बेशुद्ध होता आणि दुसऱ्यानं बंदूक पुसली. दोघांचे जबाब एका बाजूला, आणि ज्यानं बंदूक ठेवली त्या माणसाची स्वतःची सही दुसऱ्या बाजूला. ती सही त्यानंच मागे घ्यायला हवी, त्या जागेवर उभं राहून. तसं झालं तर जुना तपास उघडतो आणि विकल्याचा संशय जातो. नाही झालं तर बंदूक यांकाच्या माळ्यावर होती असंच कागदावर राहील.

"तुमचा भाऊ येईल?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, विचारते.

झेल्यो, तू म्हणशील, त्या गावाशी माझं काय उरलं आहे. मी तुला गावाची ओढ सांगणार नाही, माझ्याकडेही फार उरलेली नाही. तू म्हणशील, मी शब्द दिला होता. नायदेनकाकांचा निरोप आहे: "त्याला सांग, ज्याला त्यानं पाठीवर घेऊन वाचवलं, तोच म्हणतोय, शब्द आता मोड." तू म्हणशील, त्यांचे परवाने जातील, पुढच्या हंगामात हाका होणार नाही. होणार नाही. मग आपण कशासाठी जमायचं ते आपल्याला नव्यानं ठरवावं लागेल, आणि गप्प बसून ते ठरत नाही. मला इतकंच माहीत आहे की खोट्या जागेवर उभं राहून मी सहा वर्षं शोधलं, आणि माझे पाय दुखतात.

तुम्ही बाकीचे, जे हे ऐकताय, त्याला बसमध्ये बसवा. तो नको म्हणेल. तो सगळ्यालाच नको म्हणतो, लहानपणापासून, आणि मग जातो.

बेचक्यातली खाच अजून असणार. रविवारी हाक्याच्या वेळी कड्यावरून बघून आले, माझी केशरी टोपी फांदीवर लोंबते आहे. वर बर्फ पडायला लागलं आहे.

शनिवारी, सोळा तारखेला, सकाळी नऊ वाजता पुलापाशी ये. आमच्याबरोबर कडा चढ, पलीकडे उतर, आणि इलिएवा विचारेल तेव्हा त्या गाबराच्या झाडावर हात ठेवून सांग: मी इथे उभा होतो.